खिशात मावणारी

बोरा बाजारात, पेटीवाल्यांच्या दुकानात,
हिरव्या मखमलीच्या तुकड्यावर
झोएबभाईंनी दोन दुर्बिणी शेजारी शेजारी ठेवल्या.
दोन्ही आठपट.
एकीची भिंगं वीस मिलिमीटरची, दुसरीची पंचवीसची.
मधल्या पाच मिलिमीटरचे
बावीस हजार रुपये.

एकतीस वर्षं मी पोस्टात पत्रं लावली.
पिनकोडातला एक आहे की सात,
गाव कुडाळ की कुडाळे,
हे हातभर अंतरावरून ओळखायचे.
फरक मला कळतो, असा माझा आपला समज.

पहिली दोन ठिकाणी दुमडते.
दुमडली की चष्म्याच्या घराएवढी.
उघडली की दर वेळी
दोन डोळ्यांमधलं अंतर नव्यानं जुळवायचं,
तोवर पक्षी ऐरोलीला.
दुसरी जरा जाड, एकाच बिजागरीची,
मुठीत बसते
उकडलेल्या बटाट्यासारखी.

"आत नको, दारात उभ्या राहून बघा," झोएबभाई म्हणाले,
"ट्यूबलाइटखाली सगळ्याच चांगल्या."

समोर तिसरा मजला. वकिलाची पाटी, एक काना उडालेला.
वीसमधून : खिडकीत एक माणूस संत्रं सोलतोय.
चष्म्यामुळे कडा मात्र कुरतडल्यासारखी.
पंचवीसमधून : सालीतून उडालेलं तुषारांचं धुकं,
आणि त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण
वेगळ्या रंगाचं, घरीच लावलेलं.
मी दुर्बीण खाली घेतली.
इतकं कुणाचं बघू नये.
मग पुन्हा लावली.

"बेन, खरं सांगू? भर दुपारी दोन्ही सारख्याच.
फरक पडतो तो उजेड उतरताना.
तुम्ही बघणार केव्हा?"

केव्हा?
शिवडीच्या जेट्टीवर रोहित जवळ येतात
ते भरतीच्या मर्जीनं.
आज साडेतीनला, उद्या वीस-पंचवीस-पन्नास मिनिटं उशिरा,
आठवड्याभरात अंधार पडतो.
तिथे गळ्यात तोफा अडकवलेले पुरुष असतात.
चांगले असतात. म्हणतात, "काकू, तो बघा,
तिसऱ्या खांबाच्या डावीकडे," आणि स्वतःची दुर्बीण देतात.
माझ्या डोळ्यांपुढचा गुलाबी धूर
पाय, चोच, मान होऊ लागतो न लागतो,
एवढ्यात पुढे आलेला हात.
परत द्या म्हणत नाहीत.
हात तेवढा पुढे.

"दोन्ही खिशात मावतात," झोएबभाई म्हणाले
आणि वीसची स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकून दाखवली,
पेनाशेजारी.
पंचवीसची टाकली. खिसा थोडा ओघळला.
मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं
आणि मी माझ्याकडे.

बासष्ट वर्षांत एकाही कपड्याला धड खिसा नव्हता.
चिल्लर रुमालाच्या गाठीत,
किल्ली कमरेला,
बाकी सगळं पर्सच्या तिसऱ्या कप्प्यात,
जिथून वेळेवर काही निघत नाही.
"खिशात मावणारी" हे ज्यानं कुणी ठरवलं
त्याच्या डोळ्यांपुढे एक खिसा होता.
तो माझा नव्हता.

झोएबभाई खरे दुकानदार नव्हेत.
"गळ्यातली दोरी येते सोबत," म्हणाले,
आणि वर, "घाई नको, वीसचीही वाईट नाही, पैसे वाचतील."

माझ्या मनात पाटल्यांचा जोड होता,
सुनेनं दोनदा विचारलेला.
मी कार्ड पुढे केलं.
पंचवीसची.

जेट्टीवर नाही गेले, परळला उतरले,
गजानन पोरे, लेडीज टेलर, यांच्याकडे.
चार कुर्ते, म्हटलं, उजव्या बाजूला खिसा,
खोल, अस्तर जाड.
"काय ठेवणार?" त्यांनी विचारलं. मोबाइल समजले असावेत.
मी दुर्बीण कापडावर ठेवली.
ते क्षणभर थांबले, उचलून तिचं वजन पाहिलं,
डोळ्यांना लावली नाही,
पुन्हा ठेवली,
आणि खडूनं तिच्याभोवती रेघ ओढली,
शिवणीसाठी
अर्धा इंच सोडून.